पूरनियंत्रणाचं मातीचं धरण बहुतेक काळ रिकामंच असतं, मग तपासायचं काय?

माथापट्टी (धागाकर्ता)

सिंचनाच्या धरणात महिनोन्‌महिने पाणी उभं असतं. पायथ्याशी ओल येते, टो ड्रेन (पायथ्याचा पाझर-चर) वाहतो, व्ही-नॉचवर (पाझर मोजायच्या व्ही आकाराच्या खाचेवर) वाचन मिळतं. धरण आजारी असेल तर कुठेतरी कुणकुण लागते. पूरनियंत्रणासाठी बांधलेलं मातीचं धरण मात्र मुद्दाम रिकामं ठेवायचं असतं. पूर आला की पाणी चढतं, काही दिवसांत उतरतं, पुन्हा सगळं कोरडं. पाझर शून्य, वाचन शून्य. तपासणी अहवालात ‘समाधानकारक’ असा शेरा पडतो आणि फाईल कपाटात जाते.

हा शेराच मला धोकादायक वाटतो. लिबियातल्या देर्ना शहराच्या वर पुरापासून संरक्षणासाठी १९७० च्या दशकात दोन धरणं बांधली होती. वरचं २२.५ दलघमीचं (दलघमी म्हणजे दशलक्ष घनमीटर), खालचं १.५ दलघमीचं. ज्या वादीवर (वाळवंटी नदीच्या पात्रावर) ती होती, ती बहुतेक वेळ कोरडी असते. १० आणि ११ सप्टेंबर २०२३ च्या रात्री वादळी पावसाचं पाणी आलं, आधी वरचं फुटलं, मग खालचं, आणि हजारो माणसं गेली. दुसरीकडे अमेरिकेत ओहायो राज्यात १९१३ च्या महापुरानंतर मियामी नदीच्या खोऱ्यात पाच कोरडी धरणं बांधली. १९२२ मध्ये पूर्ण झालेली ही मातीची धरणं दोन हजारांहून अधिक वेळा पूर अडवून आजही उभी आहेत. धरणाचा प्रकार साधारण तोच, मग फरक कुठे पडतो?

जाणकारांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. रिकाम्या धरणात नेमकं काय बघायचं? पाणी चढताना काय बघायचं? आणि पूर ओसरल्यावर किती वेगाने रिकामं करायचं?

भरावकर

पहिला नियम: अशा धरणात प्रत्येक मोठा पूर म्हणजे पहिला भरणा समजायचा. मातीच्या धरणाचा पहिला भरणा हा सर्वांत नाजूक काळ असतो हे सगळे मानतात, पण सिंचनाच्या धरणात तो एकदाच येतो. इथे गेल्या वीस वर्षांत पाणी निम्म्या उंचीपर्यंतच गेलं असेल, तर वरच्या निम्म्या भरावाची परीक्षा अजून झालेलीच नाही. इदाहोमधलं टेटन धरण ५ जून १९७६ ला पहिल्याच भरण्यात फुटलं. उजव्या काठाच्या खंदकातली गाळमाती आणि शेजारचा भेगाळलेला खडक यांच्यामध्ये पाण्याने वाट काढली. सकाळी गळती दिसली आणि दुपारी बाराच्या आत धरण गेलं.

आता रिकाम्या धरणाबद्दल. सर्वांत आधी भेगा. हार्टिंगची (धरणाच्या मधल्या, पाणी अडवणाऱ्या गाभ्याची) माती काळी, चिकण असेल तर कोरडेपणाने ती आकसते. माथ्याच्या लांबीला समांतर भेगा बहुतेकदा आकसण्याच्या किंवा कडेच्या भरावाच्या खचण्याच्या असतात. माथ्याला आडवी, म्हणजे पाण्याकडून पायथ्याकडे जाणारी भेग असेल तर तिथेच थांबा. पुराचं पाणी त्या पातळीला पोचलं की ती भेग म्हणजे तयार पाट.

भेग वरून माती लोटून बुजवू नये. तसं केलं की भेग तशीच राहते, फक्त दिसेनाशी होते. पद्धत अशी: चुना पातळ कालवून भेगेत ओतायचा. मग भेगेवर खंदक घ्यायचा आणि चुन्याची पांढरी रेघ संपेपर्यंत खाली जायचं, त्याच्याही खाली आणि दोन्ही टोकांना निदान ३० सेंमी. खंदकाच्या बाजू उभ्या ठेवायच्या नाहीत, नाहीतर नवी-जुनी माती सांधत नाही. तीच माती ओएमसीपेक्षा (माती सर्वांत घट्ट बसते त्या ओलीपेक्षा) किंचित जास्त ओल देऊन १५ सेंमीच्या थरांनी धुम्मस करायची (ठोकून घट्ट बसवायची), प्रत्येक थर खरवडून पुढचा टाकायचा. शेवटी माथ्यावर मुरमाचं पांघरूण, म्हणजे खालची चिकण माती पुन्हा वाळत नाही.

नोंदवही

भरावकर साहेब, लांबीला समांतर भेग आकसण्याची आहे की उताराच्या घसरणीची, हे जागेवर कसं ओळखायचं? दोन्ही वरून सारख्याच दिसतात.

भरावकर

@नोंदवही, भेगेच्या दोन्ही काठांवर सपाट पट्टी ठेवून बघा. आकसलेल्या भेगेचे काठ एकाच पातळीत असतात. घसरणीत एक काठ खाली बसलेला असतो. घसरणीची भेग टोकांना उताराच्या दिशेने वळते, धनुष्यासारखी. त्याच वेळी खालच्या उतारावर फुगवटा शोधा. आणि दोन्ही बाजूंना लोखंडी खुंट्या ठोकून अंतर व उंची मिमीमध्ये मोजत राहा. पावसात ओल लागल्यावर आकसलेली भेग मिटायला लागते, घसरणीची रुंदावते.

खडकवाट

भेगा महत्त्वाच्या आहेतच, पण माझ्या मते रिकाम्या धरणात पहिला दिवस विमोचकाच्या (पाणी सोडायच्या) मोरीत घालवावा. भरावातून आरपार जाणारी मोरी हा मातीच्या धरणाचा सर्वांत दुबळा भाग. मोरीच्या कडेला मोठा रोलर जात नाही, तिथली धुम्मस कमी पडते. मोरी ताठ, आजूबाजूची माती खचणारी. त्यामुळे मोरीच्या अंगाला मातीवरचा दाब कमी राहतो आणि पाण्याचा दाब त्याहून वाढला की माती उकलते. पानशेत आठवा. १२ जुलै १९६१ ला धरण पूर्ण होण्याआधीच भरलं, अपुऱ्या राहिलेल्या विमोचकावरचा भराव खचला, माथा खाली बसला आणि पाणी वरून गेलं. खालचं खडकवासलाही त्याच दिवशी गेलं.

मोरीत काय बघायचं: प्रत्येक सांध्यावर वाळू-मातीचा छोटा ढीग आहे का? छतावर हातोडी मारून ऐका, बद्द आवाज आला तर तिथे मागे पोकळी असू शकते. तळाची फरशीही ठोकायची, ते बरेचजण विसरतात. ह्यूस्टनच्या ॲडिक्स आणि बार्कर या पूरनियंत्रणाच्या मातीच्या धरणांत मोरीखालच्या पोकळ्या हीच मोठी चिंता होती. शेवटी नव्या विमोचकांची बांधकामं करून जुने बंद करावे लागले. सांध्यावर ढीग दिसला तर तो झाडून टाकण्याआधी वजन करा, थोडी माती पिशवीत भरून तारखेची चिठ्ठी लावा. ती माती भरावाची आहे की नदीच्या गाळाची, हे प्रयोगशाळेत कळतं.

जुन्या नकाशांत मोरीभोवती काँक्रीटच्या आडव्या कॉलरी दिसतात. पाझराची वाट लांबवायला त्या घालत. त्यांच्या कोपऱ्यांत धुम्मस आणखी बिघडते, म्हणून आता त्याऐवजी मोरीच्या खालच्या भागात चहूबाजूंनी वाळूचा फिल्टर देतात. कॉलरी आहेत म्हणून निर्धास्त राहू नये.

चिखलवाट

@खडकवाट +१. एक भर: दरवाजा नसलेल्या कोरड्या धरणात मोरीच्या तोंडाची जाळी हीच सगळी यंत्रणा. झाडाचं खोड, प्लास्टिक, जलपर्णी अडकली की विसर्ग घटतो आणि पाणी आराखड्यापेक्षा वर चढतं. जाळी उभी सपाट नको, तिरकी किंवा पिंजऱ्यासारखी हवी आणि उघडं क्षेत्रफळ मोरीच्या तोंडाच्या कितीतरी पट. पाणी चढल्यावर तिथे माणूस पाठवू नका, ओढ जीवघेणी असते. सफाई कोरड्यातच.

ओलावा

थोडा वेगळा विचार मांडते. सगळा त्रास कोरडेपणाचा आहे तर धरण पूर्ण रिकामं ठेवायचंच कशाला? तळाला कायम थोडं पाणी ठेवलं तर हार्टिंग ओलं राहील, भेगा पडणार नाहीत, पाझराची खरी वाचनंही मिळतील. शिवाय लोकांना पाणी मिळेल.

पाणलोट

ओलावाताई, हेतू चांगला आहे, पण आकडे मांडून बघू. समजा पुराचा येवा (येणारं पाणी) ८०० घनमीटर प्रतिसेकंद आहे आणि खालची नदी २०० झेपवते. उरलेले ६०० साठवायचे. एका तासाला ६०० × ३६०० म्हणजे २१.६ लाख घनमीटर, २.१६ दलघमी. तुम्ही ५ दलघमी पाणी कायम ठेवलं तर ऐन पुरात सव्वादोन तासांहून जास्त वेळ गमावला. तेवढ्या वेळात खालचं गाव रिकामं करता येतं.

दुसरं, ओल हवी आहे ती वर, माथ्याजवळ. भेगा तिथे पडतात. तळाला पाणी ठेवून वरच्या पाच मीटरला काही होत नाही. तिसरं तांत्रिक नाही, पण सर्वांत खरं: एकदा पाणी साठलं की त्यावर मागणी बसते. पंप बसतात, पाणीपट्टी सुरू होते, पुढच्या वर्षी ‘आणखी मीटरभर ठेवा’ म्हणतात. पुरासाठी राखलेली जागा अशी आपोआप गिळली जाते. बहुउद्देशीय धरणात हे टाळायलाच महिन्यागणिक पातळी ठरवणारी जलाशय परिचालन सूची असते. ती पाळायची इच्छाशक्ती मात्र कागदावर आणता येत नाही.

ओलावा

जागेचा मुद्दा मान्य. पण वाचनांचा प्रश्न उरतोच. पाणीच नसेल तर पाझराचा इतिहास तयार कसा करायचा? आणि मियामीची धरणं इतक्या वेळा भरली म्हणून त्यांचा स्वभाव कळला. दहा वर्षांत एकदा भरणाऱ्या धरणाचं काय?

नोंदवही

ओलावाताईंचा प्रश्न रास्त आहे. इतिहास तयार होतो, पण ते थोडेसे दिवस वाया घालवायचे नाहीत. पाणीपातळी आणि पाझर यांचा एकच आलेख ठेवा: आडव्या अक्षावर तारीख नाही, पातळी. चढतानाची रेष आणि उतरतानाची रेष वेगळ्या रंगात. पुढच्या पुरात त्याच पातळीला पाझर गेल्या वेळेपेक्षा जास्त असेल तर आत काहीतरी बदललं आहे.

९० अंशाच्या व्ही-नॉचला विसर्ग पाण्याच्या उंचीच्या अडीचाव्या घाताने वाढतो. १० सेंमीला सुमारे ४.४ लिटर प्रतिसेकंद, १२ सेंमीला ६.९. उंचीत दोनच सेंमी, पाझरात दीडपटीहून जास्त. म्हणून ‘दोन बोटं वाढलं’ असं म्हणून सोडून द्यायचं नाही. पट्टी खाचेच्या तोंडाशी लावू नका, तिथे पाणी खाली वाकतं आणि वाचन कमी येतं. खाचेतल्या पाण्याच्या उंचीच्या निदान चौपट अंतर मागे लावा. पूर म्हणजे पाऊस, आणि पावसाचं पाणीही त्याच चरात येतं, म्हणून उताराचं पाणी वेगळ्या गटाराने बाजूला काढलेलं हवं. हे गटार नसेल तर सगळी वाचनं निरुपयोगी.

आणि बाटली. दर वाचनाला काचेच्या पारदर्शक बाटलीत पाझराचं पाणी भरायचं, वेळ लिहायची, ओळीने फळीवर ठेवायच्या. तासाभराने तळाशी काय बसलं ते बघायचं. स्वच्छ पाणी वाढलं तर काळजी, थोडंसंच पण गढूळ आलं तर धावपळ. गढूळ म्हणजे धरणाची माती बाहेर चालली आहे.

सुतळी

पिझोमीटरचं कुणी बोललं नाही. धरणात बसवलेले असतील तर आतला पाण्याचा दाब थेट कळेल ना?

भरावकर

@सुतळी, इथे एक फसगत आहे. साध्या उभ्या नळीच्या पिझोमीटरमध्ये पाणी चढायला चिकण मातीतून ते झिरपून यावं लागतं. त्याला काही दिवसांपासून काही आठवडे लागतात. पूर तीन दिवसांत ओसरतो. नळीतली पातळी जागची हलत नाही आणि आपण लिहितो ‘दाब वाढला नाही’. अशा धरणात व्हायब्रेटिंग वायर प्रकारचे, स्वयंचलित नोंद करणारे पिझोमीटर हवेत. नळीवाले केसिंगमध्ये (हार्टिंगच्या बाहेरच्या भरड भरावात) आणि पायाच्या वाळूत ठीक. आणि एखादा नळीवाला पुरात पटकन चढला तर आधी नळीचं झाकण तपासा, वरून पावसाचं पाणी शिरलेलं असतं. झाकण ठीक असेल तर मात्र गंभीर. पाण्याला थेट वाट मिळाली आहे.

हिरवळ

माफ करा, थोडं अवांतर. भरावावरची झाडं का तोडतात? मुळं माती धरून ठेवतात, मग धूप कमी व्हायला हवी.

चिखलवाट

@हिरवळ, अवांतर अजिबात नाही. डोंगरउतारावर झाड मित्र, धरणाच्या भरावावर नाही. जिवंत मूळ पाण्याच्या शोधात भेगा रुंदावतं. झाड मेलं की मूळ कुजून पोकळ नळी राहते. वादळात झाड उन्मळलं तर मुळांसकट भरावाचा मोठा गोळा निघतो, तोही नेमका पुराच्या रात्री. आणि झुडपांखाली ओल, बिळं, खचणं काहीच दिसत नाही. धूप थांबवायला आखूड गवत पुरेसं आहे. ते वीतभराच्या आत कापलेलं हवं. पाण्याकडच्या बाजूला पिचिंगच्या (उतारावर रचलेल्या) दगडांमधून उगवलेलं रोप बोटाएवढं असतानाच काढावं.

मोठं झालेलं झाड नुसतं बुंध्याशी कापून सोडू नये. पाणी नसतानाच मुळाचा गड्डा आणि अंगठ्याएवढी मुळं खणून काढायची, खड्डा थरांनी भरायचा. खड्डा पायथ्याच्या बाजूचा असेल तर तळाला फिल्टरची वाळू आधी.

बिळांचंही तसंच. उंदीर, घूस, सायाळ, वाळवीचं वारूळ. कोरडं धरण त्यांना सुरक्षित घर वाटतं, कारण पाणी येतच नाही. बिळाच्या तोंडावर दगड ठेवणं हा उपाय नाही. आत माती आणि बेंटोनाइटची पातळ कालवण दाबाने भरायची, तोंडाचा अर्धा मीटर खणून धुम्मस करायची.

दगडीटो

सगळे पाझरावर बोलताहेत. मातीच्या धरणांचा पहिल्या क्रमांकाचा शत्रू म्हणजे माथ्यावरून जाणारं पाणी, हे विसरू नका. गुजरातमधलं मच्छू-२ धरण ११ ऑगस्ट १९७९ ला गेलं ते याच कारणाने. सांडवा ज्या पुरासाठी बांधला त्याच्या तिपटीच्या आसपास पूर आला, दोन्ही बाजूंच्या मातीच्या भरावांवरून पाणी गेलं आणि मोरबी शहर बुडालं.

भारतीय मानक ११२२३ प्रमाणे सांडव्याचा पूर धरणाच्या आकारावर ठरतो. साठा ०.५ ते १० दलघमी आणि पाण्याची उंची ७.५ ते १२ मीटर असेल तर शंभर वर्षांतून एकदाचा पूर. ६० दलघमीपेक्षा जास्त साठा किंवा ३० मीटरपेक्षा जास्त उंची असेल तर संभाव्य महत्तम पूर. मधल्यांना प्रमाणित प्रकल्प पूर (या दोहोंच्या मधला). पण पूरनियंत्रणाचं छोटं धरण हमखास वस्तीच्या डोक्यावर असतं, म्हणूनच ते बांधलेलं असतं. तिथे आकारावर जाऊ नये, खालच्या धोक्यावर जावं.

जागेवरचं काम: पावसाळ्याआधी माथ्याचे तलांक (उंचीची मोजमापं) दर ३० मीटरला घ्या. माथा मूळ पातळीला आहे असं गृहीत धरून फ्रीबोर्ड (पाण्याच्या कमाल पातळीपासून माथ्यापर्यंतचं अंतर) मोजतात आणि मधला तुकडा २० सेंमी खचलेला असतो. पाणी सगळ्या माथ्यावरून सारखं जात नाही, त्या खोलगट जागेतून जातं आणि तिथेच भगदाड पाडतं. सांडव्याच्या तोंडाशी झुडपं, मासेमारीची जाळी, आणि उंबरठ्यावर पाणी वाढवायला रचलेली मातीची पोती दिसली तर त्याच दिवशी काढून टाका.

सुतळी

दरवाजे असतील तर? आंध्रात नोव्हेंबर २०२१ मध्ये अन्नमय्या धरणाचा मातीचा बांध वाहून गेला तेव्हा पाचपैकी एक दरवाजा बंद पडलेला होता असं वाचलं होतं.

खडकवाट

@सुतळी, कोरड्या धरणाचे दरवाजे वर्षभर न हलता बसतात. रबर सील कडक होऊन लोखंडाला चिकटतं, ब्रेकवर गंज चढतो, दोरावरचं ग्रीस वाळून कडक होतं. म्हणून दर महिन्याला हलवावेत आणि पावसाळ्याआधी प्रत्येक दरवाजा पूर्ण वर, पूर्ण खाली. जनरेटर नुसता सुरू करून बघणं म्हणजे चाचणी नाही, दरवाजा उचलत निदान अर्धा तास चालला पाहिजे. वीज आणि जनरेटर दोन्ही गेले तर हाताने एक दरवाजा उचलायला किती माणसं आणि किती मिनिटं लागतात ते मोजून नियंत्रण खोलीच्या भिंतीवर लिहा. आणि द्वार परिचालन सूची ‘एक दरवाजा बंद’ असं धरूनही तयार ठेवा. कोणता दरवाजा अडेल ते आधी कुणालाच माहीत नसतं.

पाणलोट

आता धागाकर्त्यांचा तिसरा प्रश्न, रिकामं करण्याचा वेग. इथे खरी कात्री आहे. दुसरा पूर मागून येतोय म्हणून घाईने रिकामं करायचं असतं. पण पाणी पटकन उतरलं की पाण्याकडच्या उताराचा बाहेरून मिळणारा आधार जातो आणि आतल्या मातीतलं पाणी तितक्या लवकर निघत नाही. उतार घसरतो. सर्वसाधारण मातीच्या धरणासाठी दिवसाला ३० सेंमीच्या आसपासचा वेग धरतात.

दगडीटो

@पाणलोट, ते ३० सेंमी इथे लावलं तर वीस मीटर पाणी उतरवायला दोन महिने लागतील, धरणाचा उपयोगच संपला. पुराचं पाणी दोन-तीन दिवसच उभं राहतं, तेवढ्यात चिकण हार्टिंग भिजतच नाही. प्रश्न फक्त वरच्या बाजूच्या केसिंगचा. ते पाणी लगेच सोडणारं, स्वच्छ मुरूम-वाळूचं असेल तर वेगाने उतरवता येतं.

भरावकर

दोघांचं म्हणणं खरं आहे, केसिंग काय मालाचं आहे त्यावर ते अवलंबून आहे. मुरमात मातीचं प्रमाण जास्त असेल तर तीन दिवसांत ते भिजतं, पण तीन दिवसांत वाळत नाही. ही घसरण धोकादायक कशी? धरण त्या क्षणी रिकामं होत असतं, म्हणून लगेच फुटत नाही. पण उतार गेलेला, पिचिंग विस्कटलेलं, आणि दुसरा पूर चार दिवसांवर. म्हणून केसिंगचे नमुने काढून जलद उताराची स्थिरता पुन्हा तपासून घ्यावी आणि आपल्या धरणाचा वेग सेंमी प्रतितास असा आकड्यात ठरवून ठेवावा. दरवाजे नसलेल्या धरणात हा वेग मोरीच ठरवते, तिथे हिशेब बांधतानाच चुकला असेल तर दुरुस्ती केसिंगमध्येच करावी लागते.

फिल्टरबद्दलही लिहितो, कारण भेग पडलीच तर शेवटचा पहारेकरी तोच. फिल्टरचा डी-१५ (ज्याहून बारीक १५ टक्के माल असतो तो कणाचा आकार) हा हार्टिंगच्या डी-८५ च्या (तसाच ८५ टक्क्यांचा आकार) पाचपटीहून जास्त नको. ७५ मायक्रॉनखालचे कण ५ टक्क्यांपेक्षा जास्त नकोत, कारण तसा फिल्टर स्वतःच मातीसारखा चिकटून राहतो आणि त्यालाही भेग पडते. जागेवरची सोपी चाचणी: ओलसर वाळू छोट्या बादलीत दाबून भरायची, पसरट घमेल्यात उपडी करायची, घमेल्यात हळूहळू पाणी ओतायचं. ढीग ढासळला तर वाळू चांगली, भेगेत कोसळून ती बुजवेल. ढीग उभाच राहिला तर ती वाळू परत पाठवा.

नोंदवही

हार्टिंगच्या मातीचीही चाचणी होते. चण्याएवढं ढेकूळ शुद्ध पाण्याच्या ग्लासात सोडायचं, हलवायचं नाही. काही मिनिटांत भोवती दुधाळ ढग पसरला तर माती पाण्यात विरघळल्यासारखी सुटते. अशा मातीत केसाएवढ्या भेगेचंही भुयार होतं. ढग दिसला नाही म्हणून माती चांगलीच असं मात्र धरू नये, पिनहोल चाचणी (नमुन्यातल्या बारीक छिद्रातून पाणी सोडून धूप बघणारी) करून घ्यावी.

ओलावा

पाणी चढत असताना रात्री पायथ्याशी उकळी फुटली, वाळू उसळायला लागली, तर पहिल्या तासात नेमकं काय करायचं? मी वाचलंय की पोत्यांनी बंद करतात.

भरावकर

@ओलावा, बंद करायची नाही, हे सर्वांत आधी. तोंड दाबलं की पाणी शेजारून नवी वाट काढतं. पाणी येऊ द्यायचं, माती अडवायची. उकळीवर आधी भरड वाळू, मग ६ ते २० मिमी खडी, वर ४० ते ८० मिमी दगड. म्हणजे नेहमीच्या उलट, बारीक खाली आणि मोठं वर. वाळू उडून जात असेल तर भोवती पोत्यांचं कडं करून आत पाणी तुंबू द्या, पाण्याच्या वजनाने उसळी कमी होते. कड्याला एक बाजूने सांड ठेवा. बाहेर येणारं पाणी निवळलं म्हणजे जमलं, पण त्या जागेवर रात्रभर माणूस.

हे सगळं सामान धरणावर आधीच रचलेलं हवं: तिन्ही आकारांचा माल वेगवेगळ्या ढिगांत, रिकामी पोती, दिवे, जनरेटर, आणि भर पावसातही यंत्र पायथ्यापर्यंत जाईल असा रस्ता. रस्ता नसेल तर माल असून काही उपयोग नाही. त्याच वेळी विसर्ग वाढवायचा आणि खाली सूचना द्यायची. जलाशयात भोवरा दिसला तर तोंडात मोठे दगड टाकतात, पण उतारावर यंत्र नेऊ नये. टेटनला भोकात माती लोटणारे बुलडोझरच आत गेले.

पाणलोट

वेळेवर घेतलेल्या निर्णयाचं उदाहरण म्हणजे मध्य प्रदेशातलं कारम धरण, ऑगस्ट २०२२. बांधकाम सुरू असताना भरावातून गळती लागली, गावं आधी हलवली, बाजूने चर खणून पाणी काढून दिलं. धरणाचा तुकडा गेला, माणसं वाचली. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा आपत्कालीन कृती आराखडा आणि पावसाळ्याआधी व नंतरची तपासणी बंधनकारक करतो, पण त्यात १५ मीटरच्या वरची धरणं, आणि १० ते १५ मीटरमधली काही अटींनुसार येतात. त्याहून लहान धरणांनी आराखडा करायचा नाही असा त्याचा अर्थ काढू नये.

आराखड्यात सूचना कोण देणार यात एकच नाव नको. रात्री दोनला फोन लागला नाही तर पुढचं नाव, आणि तिसरं. धरणावरच्या कर्मचाऱ्याला वरिष्ठांची वाट न बघता गावाला सूचना देण्याचा अधिकार लेखी हवा. जलाशयाच्या आतल्या बाजूचाही विचार हवा. २०१७ च्या हार्वे वादळात ॲडिक्स आणि बार्करच्या मागे साठलेलं पाणी ताब्यातल्या जमिनीच्या हद्दीबाहेर जाऊन घरांत शिरलं, आणि विसर्ग सोडल्यावर खालच्या घरांतही. महत्तम पूर पातळीची रेषा जमिनीवर आखलेली आणि मोकळी हवी.

हिरवळ

धागा वाचनखुणेत टाकला. एक शंका: रिकाम्या धरणाला भूकंपाचा धोका नाही ना? पाणीच नाही तर फुटणार काय?

खडकवाट

@हिरवळ, २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात कच्छमधल्या चांग, टप्पर, फतेहगढ अशा कितीतरी मातीच्या धरणांचे उतार आणि माथे गेले. पाणी कमी होतं म्हणून खाली पूर आला नाही. त्या दिवसापुरता रिकामेपणा वाचवतो. पण भेगा, खचलेला माथा, मोरीचे उघडलेले सांधे तसेच राहिले आणि पावसाळा आला तर? म्हणून जाणवण्याजोगा भूकंप झाला की धरण रिकामं असलं तरी पूर्ण तपासणी, मोरीसकट.

माथापट्टी (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. आतापर्यंतच्या चर्चेतून तपासणी पत्रकात हे घालतो आहे: माथ्याचे दर ३० मीटरला तलांक, आडव्या भेगा चुना ओतून, मोरीचा प्रत्येक सांधा आणि फरशी ठोकून, जाळी व सांडव्याचं तोंड, दरवाजे जनरेटरवर, पायथ्याचं वेगळं गटार, व्ही-नॉचची पट्टी, उलट्या फिल्टरचे ढीग आणि रस्ता. ‘समाधानकारक’ हा शब्दच पत्रकातून काढला, प्रत्येक रकान्यात आकडा किंवा फोटो. पाणी चढताना वाचनं किती वेळाने घ्यायची ते राहिलं.

नोंदवही

एक तृतीयांश उंचीपर्यंत सहा तासांनी, त्यावर दोन तासांनी. पाणी रिकामं झाल्यावरही तीन दिवस सकाळ-संध्याकाळ पायथा फिरायचा, कारण पाझर उशिराने बाहेर येतो.

भरावकर

त्यात एक सुधारणा. उंचीच्या तृतीयांशापेक्षा दुसरी रेषा महत्त्वाची आहे: आजवर पाणी जिथपर्यंत चढलं ती सर्वोच्च पातळी. पातळीदर्शक पट्टीवर ती तलांक आणि तारखेसह लाल रंगाने आखा. त्या रेषेच्या वर दर तासाला वाचन, दर तासाला बाटली, आणि पायथ्यावर दोघांची गस्त, एकट्याची नको. पूर ओसरला की नवी रेषा आखायची, पण जुनी पुसायची नाही. आणि आलेखावरही त्याच पातळीला उभी रेघ मारा, म्हणजे त्या पलीकडचा पाझर तुलना करायला कोणताच आधार नसलेला आहे हे वाचणाऱ्याला लगेच कळेल.